फ्लेक्सवरचा मेजर

पाचोडात मला मेजर म्हणतात. म्हणतात तर म्हणतात, लोकांच्या तोंडाला काय हात लावायचा? सतरा वर्षं फौजेत काढून मी घरी आलो, त्या दिवशी स्टँडवर कुणीतरी म्हणालं, आले, आपले मेजर आले. मी दोन दिवसांच्या प्रवासानं दमलेलो, तर नाय म्हणायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सरपंचानं शाळेत झेंडावंदनाला बोलावलं आन् पुढच्या खुर्चीवर बसवलं. आता खुर्चीवर बसवल्यावर कोण शहाणा उठून सांगतो की बाबांनो, मी नाईक होतो, ट्रक चालवत होतो, माझ्या वर हवालदार, त्याच्या वर सुभेदार, असं मोजत गेलात तर मेजर लागेपर्यंत बाजार उठंल? मी तरी नाय सांगितलं. ह्याला आता बावीस वर्षं झाली.

खरं काय ते माझ्या बायकोला, केसरबाईला ठाऊक. कँटीनच्या कार्डावर हुद्दा छापलेला असतो आन् तिला वाचता येतं, तिथं माझा इलाज चालला नाय. चारचौघांत ती कधी बोलली नाय. फक्त घरात भांडण निघालं की "व्हय मेजर" म्हणते, आन् भांडण तिथंच संपतं.

मेजर म्हटलं की मागं किस्से आले. माझा सगळ्यांत नावाजलेला किस्सा हेलिकॉप्टरचा. लेहच्या पुढं, बर्फात, मी आन् पायलट शेजारी-शेजारी बसलेलो, नकाशा माझ्या मांडीवर, आन् मी बोट दाखवून सांगतोय, उतरव इथं. हा किस्सा मी पारावर सांगितला, लग्नात सांगितला, दहाव्याला सांगितला. खरं असं की मला वरची हवा मानवली नाय, छातीत पाणी झालं, तोंडातनं फेस आला, आन् मला स्ट्रेचरवर बांधून ठेवलं होतं. आमच्या खळ्याएवढ्या जागेवर ते हेलिकॉप्टर उतरलं. पायलट कोवळा पोरगा, कॅप्टन. मला आत सरकवल्यावर त्यानं मागं वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाला, "ड्रायवर साब, रोज आप चलाते हो. आज गाडी मैं चलाऊंगा, आप सवारी." मी रडलो. मरायची भीती तर होतीच, पण इतक्या वर्षांत मला कुणी सवारी म्हटलं नव्हतं, त्याचं रडू आलं.

ही खरी गोष्ट मी जन्मात एकदाच सांगितली. सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाची, कडुबाची पोरगी संस्कृती तापानं फणफणली होती. दहा वर्षांची होती. मी तिला जीपमध्ये घालून पाचोडवरनं शहरात दवाखान्यात नेत होतो. रस्ता सगळा खड्ड्यांचा, पोरगी घाबरून रडायला लागली. तिला गप करायला काहीतरी सांगावं, तर घाईत खोटं सुचंना. खोट्याला निवांतपणा लागतो. मग खरं होतं तेच सांगून टाकलं. ती बरी झाली आन् मी विसरून गेलो.

तीच संस्कृती आता सतरा वर्षांची. मी आता शहरात हर्सूलला असतो, आन् दोन वर्षं झाली, ती शिकायला आमच्याकडं राहते. आमचं घर जेलच्या अलीकडं, त्यामुळं पाहुण्यांना पत्ता सांगताना लई जपून सांगावा लागतो. सकाळी उठून तलावाकडं पळायला जाते, आल्यावर गणितं करत बसते. बोलायचं म्हणाल तर दिवसाला चार वाक्यं. तिला उडायचंय, एवढं मात्र घरात सगळ्यांना ठाऊक. कुणीबी विचारलं, पुढं काय करणार, तर "पायलट" म्हणायची आन् परत वहीत डोकं घालायची. यंदा ती एनडीएच्या, म्हणजे तिन्ही दलांत अफसर व्हायच्या, लेखी परीक्षेत पास झाली.

आमच्याकडं कुणी पास झालं की पहिला पेढा देवाला, दुसरा फ्लेक्सवाल्याला. आमच्या भावकीत पोराला तलाठ्याची परीक्षा द्यायचं नुसतं मनात आलं तरी चौकात फ्लेक्स लागलेत. मग पोरगी एनडीएची लेखी पास झाल्यावर मी काय हातावर हात धरून बसणार होतो? त्याच दिवशी शहागंजला गेलो. तिथं घड्याळाच्या मनोऱ्यामागं ऋतुराजचं फ्लेक्सचं दुकान, आमच्या सात गावांचे वाढदिवस आन् दुखवटे तोच छापतो. पोरगा कॉम्प्युटरवर बसला, संस्कृतीचा फोटो ओढून मधोमध आणला, आन् विचारलं, मेजर, मागं काय टाकू? मी म्हटलं, तुझ्याकडं काय आहे? त्याच्याकडं जहाज नव्हतं. रणगाडा होता, पण पोरीच्या मागं रणगाडा बरा दिसंना. एक लढाऊ विमान होतं, शेपटीतनं जाळ निघणारं, ते टाकल्याबरोबर फ्लेक्स एकदम उठून दिसला. खाली छापलं, "पाचोडची लेक, भावी फायटर पायलट". त्याच्याखाली शुभेच्छुक, "मेजर सांडू नरवडे व समस्त परिवार". पोरीनं कोणत्या दलात जायचं हे असं ऋतुराजच्या कॉम्प्युटरवर ठरलं.

तरी रीत म्हणून बैठक घेतली. फ्लेक्स छापला तरी निर्णय चार माणसांत व्हायला पाहिजे, नायतर भावकी रुसते. रविवारी हर्सूलला सतरंजी टाकली. कडुबा आला, आमची बहीण वच्छलाबाई आली, आन् शेजारचे वैजनाथराव जोशी. वैजनाथराव जिल्हा परिषदेतनं निवृत्त, कुठलाबी सरकारी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचणारा माणूस. केसरबाईनं पोहे केले. संस्कृतीनं ट्रेमध्ये चहा आणला, सगळ्यांना दिला, आन् दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मुलगी बघायचा कार्यक्रम असतो तसाच होता सगळा, फक्त एका पोरीला तीन स्थळं आलेली.

वैजनाथरावांनी तिन्ही स्थळांची माहिती सांगितली. हवाई दलात गेलं की उडायचं हेच काम, मग लढाऊ मिळो, मालवाहू मिळो, नायतर हेलिकॉप्टर. नौदलात समुद्रावरनं उडायचं, जहाजावर उतरायचं, पण जागा मोजक्या. आर्मीकडं हेलिकॉप्टरच, आन् तिथं उडायला मिळेलच असं नाय, आधी ट्रेनिंग पुरं करायचं, मग मागायचं, दिलं तर दिलं. त्यांनी चष्मा पुसला आन् पुढं पसंतीच्या फॉर्मबद्दल काहीतरी सांगायला लागले. मी हात वर करून म्हटलं, वैजनाथराव, कागदाचं नंतर बघू, आधी माणसांचं ऐकू.

वच्छलाबाईला नौदल पसंत नव्हतं. तिचं म्हणणं असं की आपला जन्म टँकरच्या मागं पळण्यात गेला, आता पोरगी पाण्यात जाणार म्हणून मन भरून येतंय, पण तेबी खारंच निघालं, मग उपेग काय? तेवढ्यावर नौदल बाजूला पडलं.

मग कडुबा बोलला. त्याला आर्मी पाहिजे होती. का, तर दादा तिथं होता. मेजरची पुतणी म्हटलं की दारं आपोआप उघडतील, एखादा जुना साहेब ओळखीचा निघंल, पोरीकडं लक्ष राहील. मोसंबीच्या बागेत राबणारा साधा माणूस, त्याच्या मनात दुसरं काय येणार. पण माझ्या हातातला पोहे खायचा चमचा तिथंच थांबला.

खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. पोरगी आर्मीत गेली म्हणजे पहिल्याच दिवशी तिला कळणार की नाईक कुठं आन् मेजर कुठं. एखादा साहेब विचारणार, तुझे काका कोणत्या युनिटचे मेजर? ती मला फोन करणार. बावीस वर्षं जपलेली इज्जत एका फोनमध्ये जाणार. हवाई दलात मला कोण ओळखतं? तिथं मेजर नावाचा हुद्दासुद्धा नाय.

म्हणून मी बोललो, आन् असा बोललो की आर्मीच्या दुश्मनानं बोलावं. काय ठेवलंय म्हणालो त्या आर्मीत? धूळ खायची, डोंगरात पडायचं, दहा वर्षं फायली उचलायच्या आन् मग म्हातारपणी एखादं खटारा हेलिकॉप्टर, तेबी नशिबात असलं तर. ती उडती रिक्षा. पोरगी विमान उडवायला जन्मली का रिक्षा? हवाई दल म्हणजे हवाई दल. कडुबानं मान हलवली, वच्छलाबाईनं पदर डोळ्याला लावला, वैजनाथरावांनी चष्मा खिशात घातला. उडती रिक्षा म्हणालो तेव्हा संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, आन् रिकामे कप गोळा करून आत गेली. तिला कुणी काही विचारलं नाय. माझ्याबी ध्यानात आलं नाय.

बाजाराच्या दिवशी पाचोडच्या चौकात फ्लेक्स लागला. पन्नास जणांनी त्याच्याखाली फोटो काढले. ज्यांनी पोरीला कधी हाक मारली नाय तेबी म्हणाले, आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. विमानाच्या शेपटीतला जाळ मागच्या मटणाच्या दुकानावर गेल्यासारखा दिसत होता, तेवढं सोडलं तर फ्लेक्स झकास होता.

पुढच्या महिन्यात संस्कृतीच्या मोबाइलवर पाच दिवसांच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. कडुबा त्या दिवशी मोसंबीचं पोतं घेऊन हर्सूलला आलेला, वच्छलाबाई दवाखान्याच्या कामानं आलेली, तर घरात सगळेच होते. संस्कृती म्हणाली, भोपाळला जायचंय. मी वैजनाथरावांना हाक मारली. त्यांनी मोबाइल लांब धरून सगळं वाचलं आन् हळू आवाजात म्हणाले, मेजरसाहेब, हे आर्मीचं आहे.

मी भडकलो. सरकारी खात्यांचा मला पूर्वीपासून राग, तो सगळा बाहेर काढला. म्हणालो, पोरीचं आयुष्य आहे का भाजीचा ठेला, कुणाचं कुठंबी टाकतात? आत्ताच्या आत्ता दिल्लीला लिहितो. मला दिल्लीत ओळखतात, असंबी म्हणालो. दिल्लीत मला कुणी कुत्रंसुद्धा ओळखत नाय.

"चूक नाही झाली," संस्कृती म्हणाली. "पहिली पसंती आर्मी मीच टाकली. डिसेंबरमध्ये, फॉर्म भरताना."

वैजनाथराव म्हणाले, तेच तर मी त्या दिवशी सांगत होतो, पसंती परीक्षेच्या फॉर्ममध्येच भरून घेतात, नंतर बदलता येत नाय. म्हणजे आम्ही सतरंजी टाकून, पोहे खाऊन, तीन स्थळं पारखून ज्या पोरीचं ठरवलं, तिचं लग्न सहा महिन्यांपूर्वीच लागलेलं होतं.

कडुबाचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, बाई, मग त्या दिवशी बोलली का नाय? ती म्हणाली, कुणी विचारलं नाही. मग तो म्हणाला, आगं पण तिथं हेलिकॉप्टर मिळंल ह्याची खात्री नाय, वैजनाथरावांनी सांगितलंय, तुझ्या मोठ्या पप्पांनी सांगितलंय. उडायचं सोडून भलतीकडंच गेली तर? आवाज त्याचा रडकुंडीला आलेला. पोरीसाठी झुरणारा बाप तो, तिच्या उडण्यापायी त्यानं देवाला काय काय कबूल केलं होतं ते त्यालाच ठाऊक.

"माहीत आहे, पप्पा. नाही मिळालं तर लई वाईट वाटंल," ती म्हणाली. तिच्या तोंडात लई क्वचित येतं, म्हणजे किती आतनं बोलत होती ते समजा. "पण मागायचं तर मला तेच मागायचंय. मोठ्या पप्पांनी मला एकदा गोष्ट सांगितली होती. जीपमध्ये, मी आजारी होते तेव्हा."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. माझ्या ध्यानात आलं, तिला त्या दिवशी काय सांगितलं होतं ते. बावीस वर्षं झाकलेलं एका दमात बाहेर पडणार, आन् तेबी सख्ख्या भावाच्या, बहिणीच्या आन् जोशांच्या समोर. मी केसरबाईकडं बघितलं. ती मोसंब्या निवडत होती, तिनं मान वर केली नाय.

संस्कृती सांगायला लागली. बर्फ, छातीतलं पाणी, स्ट्रेचर, खळ्याएवढी जागा. सगळे कान देऊन ऐकत होते, कारण हा किस्सा त्यांनी नकाशावाला ऐकलेला. वच्छलाबाईनं तर मधेच विचारलं, दादा, तू आजारी होता हे कधी बोलला नाय? मी सतरंजीची दशी ओढत होतो.

"आणि तो पायलट मागं वळून म्हणाला," संस्कृती बोलली आन् थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मेजर साब, रोज आप चलाते हो. आज गाडी मैं चलाऊंगा, आप सवारी."

कडुबानं डोळे पुसले. वैजनाथराव म्हणाले, वा. मेजर माणूस रोज कशाला गाडी चालवंल, हे एकाच्याबी डोक्यात आलं नाय. वाक्याला शेंडा नव्हता, बुडूक नव्हतं, आन् सगळे माना डोलावत होते. पोरीनं माझ्यासाठी स्वतःची आवडती गोष्ट मोडली. सात वर्षं तिनं ती शब्दन्शब्द जपलेली, त्याच्या भरवशावर जन्माचा निर्णय घेतला, आन् माझी खुर्ची वाचवायला त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द काढून फेकून दिला.

ती पुढं एवढंच म्हणाली, "मला तसा पायलट व्हायचंय. विमानातनं कुणाच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही."

मला तिथं बसवेना. शरम वाटली हो, दुसरं काय. त्या पोरीला सगळं आधीपासून ठाऊक होतं. दहा वर्षांची असल्यापासून गावात मला मेजर म्हणताना ऐकत होती, माझे किस्से ऐकत होती, आन् गप होती. आन् मी कुणाच्या भीतीनं तिला आर्मीपासून अडवत होतो? तिच्याच. तिला कळंल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाचोडला जाऊन फ्लेक्स उतरवला, गुंडाळला आन् शहागंजला ऋतुराजकडं नेला. त्याला म्हटलं, नवीन छाप. विमान काढ, हेलिकॉप्टर टाक. जाळबिळ काही नको. फायटर पायलट काढ, नुसतं "मुलाखतीसाठी शुभेच्छा" लिही, पोरगी अजून पायलट झालेली नाय काही. त्यानं सगळं केलं. मग म्हटलं, खाली माझ्या नावामागचं मेजर काढ.

ऋतुराजनं माझ्याकडं वळून बघितलं. म्हणाला, काढू नका, सगळं नाव रिकामं दिसंल. मी म्हटलं, रिकामं कशाला, तिथं ड्रायव्हर लिही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

"राहू द्या ना मेजर," तो म्हणाला. "चौकात कुणाला काय कळतंय?"

"जिचा फोटो आहे तिला कळतंय," मी म्हटलं. "लिही. ड्रायव्हर सांडू नरवडे, आर्मी."

नवा फ्लेक्स लागला त्या दिवशी सकाळपासून मी चौकात उभा होतो. म्हटलं, होऊ दे एकदाची फजिती, आपल्या हातानं झालेली बरी. पहिला माणूस आला, त्यानं वाचलं आन् म्हणाला, मेजर, फ्लेक्सवाल्यानं चूक केली बघा, भलत्याच माणसाचं नाव छापलं. मी सांगितलं, चूक नाय, मी ड्रायव्हरच होतो. तो हसला आन् चहा प्यायला घेऊन गेला. दुपारपर्यंत गावभर झालं की मेजरांचा मोठेपणा बघा, एवढा मोठा माणूस, पण स्वतःला ड्रायव्हर म्हणवून घेतो. सरपंच मुद्दाम येऊन म्हणाला, पंधरा ऑगस्टला ह्या साधेपणावर दोन शब्द बोला. मी कपाळावर हात मारला. खोटं सांगितलं तर मेजर, खरं सांगितलं तर त्याहून मोठा मेजर. ह्या गावाचं करायचं तरी काय?

तेवढ्यात संस्कृती आली. संध्याकाळच्या गाडीनं तिला भोपाळला निघायचं होतं, त्याआधी घरच्यांच्या पाया पडायला पाचोडला आलेली. कडुबा मागं बॅग घेऊन. ती फ्लेक्सखाली उभी राहिली, स्वतःचा फोटो बघितलाच नाय, हेलिकॉप्टर बघितलं, मग खाली वाकून शुभेच्छुकांची ओळ वाचली. परत वाचली. वाऱ्यानं फ्लेक्सचा कोपरा फडफडत होता, तो तिनं हातानं धरून ठेवला. सरपंच, चहावाला, चार-दोन पोरं, सगळे बघत होते.

ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते आन् ती हसत होती.

"ड्रायव्हर साहेब," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "स्टेशनला सोडता का? आज मी सवारी."

मी खिशातनं किल्ली काढली, तिची बॅग मागं टाकली आन् गाडी सुरू केली.